चादरीत वीज साठेल का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात वाकणाऱ्या सुपरकपॅसिटरवर एक छोटं टिपण छापलं होतं. कापडावर कार्बनचा थर द्यायचा, त्यावर वीज वाहून नेणारं पॉलिमर चढवायचं, अशा दोन तुकड्यांमध्ये जेल भरायची, की वीज साठवणारं आणि घडी पडली तरी चालणारं साधन तयार होतं, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून पत्रं आली. कापडाचं गाव असल्यामुळे प्रश्नही कापडाच्या अंगानंच आलेत, आणि ते योग्यच आहे. या साधनाचं निम्मं यशापयश कापडावरच ठरतं.

प्रश्न : आमच्या मागांवर चादरी आणि टॉवेल निघतात. अख्ख्या चादरीवर हा थर दिला तर रात्रीतून मोबाइल चार्ज होईल का? टॉवेलचं कापड जास्त शोषतं, मग ते चादरीपेक्षा चांगलं का? (यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

मोबाइल चार्ज होणार नाही. का, ते हिशोबानंच बघू.

साठलेली ऊर्जा म्हणजे धारिता (वीज साठवण्याची क्षमता, ती फॅरडमध्ये मोजतात) गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. ६० बाय ९० इंचांची चादर म्हणजे साधारण ३४,८०० चौरस सेंटीमीटर. तिच्याएवढे दोन थर समोरासमोर ठेवले आणि चौरस सेंटीमीटरला ०.२ फॅरड मिळाले, तर एकूण जवळपास ७,००० फॅरड होतात. कापडावर ०.२ हा आकडा चांगलाच म्हणायचा. पाण्यावर आधारलेल्या जेलमध्ये अशी जोडी ०.८ व्होल्टपर्यंतच न्यावी. म्हणजे ऊर्जा झाली सुमारे २,२०० ज्यूल. आता मोबाइलची ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी घ्या, सरासरी ३.८५ व्होल्टची. तिच्यात ६९,००० ज्यूलच्या आसपास ऊर्जा मावते. सगळी चादर काळी करूनही मोबाइलची बॅटरी तीन टक्क्यांच्या आसपासच भरते. शिवाय ०.८ व्होल्टवरून ५ व्होल्ट करण्यात जे वाया जाईल ते वेगळंच.

मग याचा उपयोग काय? थोडी ऊर्जा पटकन घ्यायची, पटकन द्यायची आणि हजारो वेळा तेच करायचं, असं काम. अंगावरच्या कपड्यातला तापमान मोजणारा छोटा सेन्सर मिनिटाला एकदा आपला आकडा रेडिओवरून पाठवतो. तेवढ्या वेळात त्याला २० मिलिअँपिअर लागतात, पण जेमतेम १० मिलिसेकंद. ०.३ फॅरडचे तीन तुकडे ओळीनं जोडले तर एकूण ०.१ फॅरड आणि २.४ व्होल्ट मिळतात. २.४ वरून १.८ व्होल्टपर्यंत, म्हणजे सेन्सर चालतो तोवर, उतरताना त्यातून असे तीनशेच्या आसपास संदेश जायला हवेत. इथे एक मेख आहे. प्रत्येक तुकड्याचा आतला रोध १० ओहम असेल तर तिघांचा ३० ओहम होतो, आणि २० मिलिअँपिअर ओढताच ०.६ व्होल्ट आतच गळतात. सेन्सर पहिल्याच संदेशाला बंद पडतो. म्हणून या कामात धारिता वाढवण्याआधी रोध कमी करायच्या मागे लागावं.

टॉवेलचं कापड घेऊ नका. त्याच्या फासांमध्ये जेल भरपूर शिरते, पण फासाच्या टोकापासून खालच्या विणीपर्यंत वीज जाण्याची वाट लांब आणि तुटक असते. ४००-५०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) कापडात बहुतेक वजन निव्वळ सुताचं आणि साठवणीच्या दृष्टीनं निरुपयोगी. चादरीच्या जकार्ड विणीतही जिथे नक्षी तिथे जाडी बदलते आणि थर असमान बसतो. साध्या विणीचं, दाट, १०० ते १२० जीएसएमचं पॉपलिनसारखं कापड सगळ्यांत बरं. ते सिंजिंग केलेलं असेल तर फारच छान. सुतावरची उभी लव जळालेली नसेल तर वाहक झालेला एखादा तंतू जेलच्या पातळ थरातून पलीकडच्या तुकड्याला टेकतो आणि शॉर्ट होतो. सिंजिंगची सोय नसेल तर दोन तुकड्यांमध्ये जेलमध्ये भिजवलेला फिल्टर पेपर घालायला विसरू नका.

प्रश्न : कोऱ्या कापडावर थर दिला तर तो ठिपक्याठिपक्यांनी बसतो आणि घासल्यावर निघून जातो. (सायझिंगमधला कामगार, पूर्व भाग)

दोष तुमच्या थराचा नाही. ताण्याला लावलेली खळ कापडात राहिली आहे. खळीवर बसलेला थर पुढे ओल्या रसायनात खळीसकट सुटतो. आयोडीनचा एक थेंब टाकून बघा. निळा-जांभळा डाग पडला तर खळ शिल्लक आहे.

आधी अमायलेज एन्झाइमनं, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात आणि तापमानाला, खळ उतरवा. मग लिटरला १० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि २ ग्रॅम साबण घालून तासभर उकळवा, म्हणजे सुतावरचं नैसर्गिक मेणही जाईल. भरपूर धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका, पुन्हा साध्या पाण्यानं धुवा. वाळल्यावर पाण्याचा थेंब दोन-तीन सेकंदांत आत मुरला तर कापड तयार. थेंब मण्यासारखा वर उभा राहिला तर पुन्हा उकळवा. सॉफ्टनर लावलेलं तयार कापड बाजारातून आणलं असेल तरीही हेच करावं लागतं.

प्रश्न : मी सुती कापडावर पॉलिॲनिलिन (वीज वाहून नेणारं पॉलिमर) चढवलं आणि पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आणि सल्फ्युरिक ॲसिडची जेल वापरली. पहिल्या आठवड्यात आकडे उत्तम आले. तीन आठवड्यांनी वाकवताना कापड कागदासारखं फाटलं. पॉलिमर खराब झालं का? (एम.एस्सी. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, केगाव)

पॉलिमर नव्हे, सूत विरलं. आम्लामुळे सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात. जेल ओली असते तेव्हा आम्ल विरळ असतं. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात जेलमधलं पाणी उडतं आणि सल्फ्युरिक ॲसिड उडत नाही, त्यामुळे ते दिवसेंदिवस तीव्र होत जातं. तुमचं कापड तीन आठवडे सावकाश आम्लात शिजत होतं असं समजा.

रंगाऱ्यांना हा अनुभव फार जुना आहे. १८६३ मध्ये जॉन लाइटफुट यांनी सुती कापडावर ॲनिलिन ब्लॅक छापण्याचं पेटंट घेतलं. तो काळा रंग म्हणजे पॉलिॲनिलिनचंच भावंड, कापडावरच ॲनिलिनचं ऑक्सिडीकरण करून तयार होणारा. त्या रंगाच्या दोन तक्रारी तेव्हापासून प्रसिद्ध आहेत. एक, आम्लामुळे कापड विरतं. दुसरी, काळा रंग कालांतरानं हिरवट होतो. प्रयोगशाळेत तुम्ही जो गडद हिरवा रंग बघून खूश होता, त्याच हिरवटपणावर त्या काळचे रंगारी वैतागत. वीज वाहून नेणारं पॉलिमर म्हणून या पदार्थांकडे बघणं नंतर आलं. १९७७ मध्ये पॉलिॲसिटिलीनवर काम झालं आणि २००० साली हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अडचण अशी की पॉलिॲनिलिनला आम्ल हवंच. पीएच साधारण ४ च्या वर गेला की त्यातले प्रोटॉन सुटतात, रंग निळा होतो आणि वाहकता कित्येक पटींनी पडते. म्हणजे पॉलिमर जगवायचं तर सूत मरतं, आणि सूत जगवायचं तर पॉलिमर. आमचं स्पष्ट मत आहे की सुती कापड आणि पॉलिॲनिलिन ही जोडी टिकाऊ साधनासाठी लावू नये. पॉलिॲनिलिन हवं असेल तर कार्बन क्लॉथ (कार्बनच्या तंतूंचं कापड) घ्या, आम्ल त्याचं काही बिघडवत नाही. सुती कापड हवं असेल तर पॉलिपायरॉल हे दुसरं वाहक पॉलिमर आणि उदासीन, म्हणजे आम्ल नसलेली जेल घ्या (तिची कृती पुढे जेलच्या प्रश्नात आहे).

सुती कापडाची कृती अशी. सुमारे १ ग्रॅम वजनाचा, वर सांगितल्याप्रमाणे धुतलेला पॉपलिनचा तुकडा घ्या. आधी त्यावर कार्बन द्या. ०.८ ग्रॅम सक्रिय कार्बन, ०.१ ग्रॅम कार्बन ब्लॅक आणि ०.१ ग्रॅम सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, चिकटवण्यासाठी) १० मिलिलिटर पाण्यात खलून गुळगुळीत शाई करा, ब्रशनं दोन्ही बाजूंनी दोन हात मारा आणि ६० अंशांवर वाळवा. सीएमसी पाण्यात विरघळतं, म्हणून वाळल्यावर तुकडा १२० अंशांवर तासभर ठेवा आणि पुढच्या पायऱ्यांत चोळू नका. मग ५० मिलिलिटर पाण्यात ०.७ मिलिलिटर पायरॉल आणि १.९ ग्रॅम सोडियम पी-टॉल्युइनसल्फोनेट विरघळवून तुकडा त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, भांडं बर्फात. दुसऱ्या ५० मिलिलिटर थंड पाण्यात ६.२ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट विरघळवा आणि ते दहा मिनिटांत थेंबाथेंबानं घाला. दोन तास ०ते ५ अंशांवर ठेवा, अधूनमधून हलवा. रात्रभर ठेवायचा मोह टाळा. फेरिक क्लोराइडही आम्लधर्मी आहे, सूत त्यातही विरतं.

यानंतरची पायरी बहुतेक जण उरकून टाकतात, ती म्हणजे लोह धुऊन काढणं. आत राहिलेले लोहाचे आयन एका तुकड्यावर इलेक्ट्रॉन घेतात, जेलमधून पोहत दुसऱ्यावर जातात आणि तिथे सोडतात. साठवलेली वीज अशी आतल्या आत गळते. भरून ठेवलेला तुकडा तासाभरात रिकामा होत असेल तर पहिला संशय लोहावर घ्या. धुवणाचं पाणी थोडं आम्ल करून त्यात पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब टाका. लाल झालं तर धुणं बाकी आहे. साध्या पाण्यानं भागलं नाही तर कपड्यावरचे गंजाचे डाग काढायला वापरतात ते ऑक्झॅलिक ॲसिड, एक टक्क्याचं, पाच मिनिटं पुरतं. नंतर पुन्हा भरपूर पाणी.

पायरॉल ताजं असावं. ते रंगहीन किंवा फिकट पिवळं असतं. बाटलीत तपकिरी झालं असेल तर ऊर्ध्वपातन करूनच वापरा. सगळं काम धूरपेटीत, नायट्राइल हातमोजे घालून करा. उरलेलं लोहयुक्त पाणी चुन्यानं उदासीन करून गाळ वेगळा काढा. गटारात सोडू नका.

प्रश्न : कार्बन क्लॉथवर पॉलिॲनिलिन चढवताना सगळं पॉलिमर बीकरच्या तळाशी पडतं, कापडावर फारसं बसत नाही. (महाविद्यालयीन प्राध्यापक, पंढरपूर)

तुम्ही पावडर बनवायची कृती वापरताय, असं प्रमाणावरून दिसतं. २.५९ ग्रॅम ॲनिलिन हायड्रोक्लोराइड आणि ५.७१ ग्रॅम अमोनियम परसल्फेट, प्रत्येकी ५० मिलिलिटर पाण्यात, ही पावडरीची नेहमीची कृती आहे. त्यात द्रावण इतकं दाट असतं की पॉलिमर सगळीकडे एकदम सुरू होतं, तापमान झपकन चढतं आणि कण तळाशी जातात. कापडावर थर हवा असेल तर द्रावण विरळ ठेवा. १ मोलर आम्लाच्या १०० मिलिलिटर द्रावणात ०.४६ मिलिलिटर ॲनिलिन आणि ०.२९ ग्रॅम अमोनियम परसल्फेट, ०ते ५ अंशांवर, आठ ते बारा तास. ॲनिलिनच्या चार रेणूंमागे परसल्फेटचा एक, असं हे प्रमाण पडतं. विरळ द्रावणात पॉलिमरला पृष्ठभागावरून सुरुवात करणं सोपं जातं आणि बारीक तारांसारखा थर उगवतो.

कार्बन क्लॉथ मुळात पाणी झिडकारतं. हवेत ४०० अंशांवर तासभर भाजलं तर पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट येतात आणि ते भिजायला लागतं. हे केलं नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही थर सुटतो. शेवटी धुताना बोअरचं पाणी वापरू नका. जड, अल्कधर्मी पाण्यात हिरवा थर डोळ्यांदेखत निळा पडेल. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडनं धुवा. निळा पडलाच तर त्याच आम्लात बुडवला की बहुधा पुन्हा हिरवा होतो.

थर जाड करण्याचा सोस नको. पॉलिॲनिलिन भरताना आणि रिकामं होताना आयन आत-बाहेर जातात, ते फुगतं आणि आकसतं. जाड थराला त्यामुळे भेगा पडतात आणि हजार फेऱ्यांतच धारिता ठळकपणे घटते. कार्बनचं काम इथेच आहे. तो सांगाडा देतो, वीज वाहून नेतो, आणि पॉलिमरनं त्याच्यावर पातळ सायीसारखं असावं. आणि ०.८ व्होल्टच्या वर नेऊ नका. जास्त ऑक्सिडीकरण झालं की पाण्याशी संयोग होऊन साखळीच तुटते, ती पुन्हा जुळत नाही. जास्त व्होल्टेज हवं असेल तर एका बाजूला पॉलिॲनिलिन आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ सक्रिय कार्बन ठेवा, पण दोघांचा भार सारखा करा. पॉलिॲनिलिनची धारिता ग्रॅमला ४०० फॅरड आणि वापरायची पट्टी ०.६ व्होल्ट, तर कार्बनची १५० फॅरड आणि ०.८ व्होल्ट असेल, तर कार्बन वजनानं दुप्पट लागेल.

ॲनिलिन कातडीतून अंगात शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं. विद्यार्थ्यांच्या हातात बाटली देण्याआधी हे सांगायलाच हवं.

प्रश्न : एप्रिल-मे मध्ये जेल कडक होऊन सोलून निघते. पावसाळ्यात तीच जेल चिकट राहते. एकच कृती वर्षभर चालेल अशी आहे का? (संशोधक विद्यार्थी, सोलापूर)

नेहमीची जेल म्हणजे ६० मिलिलिटर पाण्यात ६ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड, तीव्र आम्लाचे साधारण ३.३ मिलिलिटर, आणि ६ ग्रॅम पीव्हीए. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. ८५ ते ९० अंशांवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत ठेवायचं. पीव्हीए पुरतं न विरघळता गुठळ्या राहतात, कारण ते गरम पाण्यात एकदम ओतलेलं असतं. थंड पाण्यात भिजवा, मग तापवा. पीव्हीए ९९ टक्के हायड्रोलाइज्ड, जास्त रेणुभाराचं घ्या. ८८ टक्क्यांचं लवकर विरघळतं, पण पडदा कमजोर बनतो.

सोलापूरच्या हवेसाठी आम्ही लिथियम क्लोराइड सुचवू. ६ ग्रॅम पीव्हीए, १२.६ ग्रॅम लिथियम क्लोराइड, ६० मिलिलिटर पाणी. कारण सोपं आहे. हवेतली आर्द्रता ११ टक्क्यांच्या वर असेपर्यंत हे मीठ हवेतूनच पाणी ओढून धरतं. मे महिन्याच्या कडक दुपारीही आर्द्रता सहसा त्याहून खाली जात नाही. म्हणून जेल ओली राहते आणि सूतही विरत नाही. पावसाळ्यात मात्र हाच गुण उलटतो, जेल हवेतलं पाणी पिऊन सैल होते. म्हणून बाहेरून सील हवंच. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी लॅमिनेशनची पिशवी चालते. फक्त कडा दाबा, इस्त्री जेलवरून फिरवू नका, आतल्या वाफेनं पिशवी फुगते. गोठवून वितळवण्याची युक्तीही चांगली. भरलेला तुकडा उणे २० अंशांवर रात्रभर ठेवून सावकाश वितळवला, असं दोन-तीन वेळा केलं, की पीव्हीएच्या साखळ्या गुंफतात आणि जेल वाकवताना सरकत नाही. लिथियम क्लोराइड इतकं असेल तर गोठण उशिरा येते, त्यामुळे आधी पीव्हीएचा पडदा गोठवून मग मिठात भिजवणं सोपं पडतं.

स्वस्त म्हणून सोडियम सल्फेट घालायला जाऊ नका. सल्फेटमुळे पीव्हीए द्रावणातून फुटून बाहेर येतं, दही फाटल्यासारखं.

तांब्याची पट्टी जेलला लागू देऊ नका. हिरवट-निळा डाग दिसला म्हणजे तांबं विरघळतंय, आणि आलेखात जी सुंदर टेकडी दिसते ती तुमच्या पॉलिमरची नाही, तांब्याची आहे. जेलमध्ये ग्रॅफाइटची पातळ पट्टी ठेवा, तांबं सीलच्या बाहेर जोडा.

प्रश्न : आमच्या गटाला ग्रॅमला ९०० फॅरड आले. छापण्याआधी काय तपासावं? (संशोधक विद्यार्थी, सोलापूर)

आधी तराजू. २ बाय ३ सेंटीमीटरच्या पॉपलिनचं वजन सुमारे ७२ मिलिग्रॅम. त्यावरचा थर ५-६ मिलिग्रॅमचा. सूत हवेतली ओल धरतं. मेच्या कोरड्या दुपारी आणि ऑगस्टच्या दमट सकाळी त्याच कोऱ्या तुकड्याच्या वजनात ४-५ मिलिग्रॅमचा फरक पडतो. म्हणजे जवळपास थराएवढाच. थर देण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा तुकडा १०५ अंशांवर वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करून लगेच तोला, आणि सोबत थर न दिलेला तुकडाही त्याच सगळ्या द्रावणांतून फिरवून तोला.

मग सूत्र. धारिता म्हणजे विद्युतधारा गुणिले वेळ, भागिले व्होल्टेजमधली घट. २ मिलिअँपिअरनं ०.८ ते ० व्होल्ट उतरायला १२० सेकंद लागले तर ०.३ फॅरड. सुरुवातीची सरळ खाली पडणारी उडी आतल्या रोधाची, ती घटीतून वजा करा. ही जोडीची धारिता झाली. दोन्ही बाजूंचा थर मिळून १२ मिलिग्रॅम असेल तर जोडीचे ग्रॅमला २५ फॅरड, आणि एका इलेक्ट्रोडचे (एका बाजूच्या तुकड्याचे) त्याच्या चौपट, १००. हे चारनं गुणणं एकदाच करायचं असतं. वजन एका बाजूचं धरून वर चारनं गुणलं की आकडा आपोआप दुप्पट होतो. ९०० आल्यावर आम्ही सगळ्यांत आधी हेच बघू.

थर फार पातळ असेल तर ग्रॅममागचा आकडा कितीही फुगतो. २०११ मध्ये गोगोत्सी आणि सिमॉन यांनी ‘सायन्स’मध्ये हेच बजावलं होतं. बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्ये चौरस सेंटीमीटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन असतो, आणि ०.०५ मिलिग्रॅमवरचा आकडा तिथवर खेचता येत नाही. ग्रॅममागच्या आकड्यासोबत चौरस सेंटीमीटरमागचा आकडा, थराचं वजन आणि एकूण जाडी द्या. एलईडी पेटल्याचा फोटो पुरावा म्हणून देऊ नका. वर सांगितलेले तीन तुकडे १.८ व्होल्टच्या लाल एलईडीला ५ मिलिअँपिअरनं बारा सेकंदच पुरतात, पुढे तो नुसता मिणमिणतो.

प्रश्न : सुरक्षारक्षकांच्या गणवेशात हे शिवता येईल का? धुतलं तर? (गणवेश शिवणारे, सोलापूर)

तुकड्यातून सुई गेली की दोन्ही बाजूंचे वाहक तंतू एकमेकांत ओढले जातात आणि शॉर्ट होतो. म्हणून कडेला दीड सेंटीमीटर कोरी पट्टी ठेवा आणि शिलाई तिथेच घाला. त्याहून चांगलं म्हणजे वेगळा खिसा करून धुण्याआधी काढता येईल असं ठेवणं. साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात दोन्ही पॉलिमर वाहकता गमावतात.

वाकवण्याबाबत ‘१८० अंश वाकलं’ याला अर्थ नाही, किती त्रिज्येत वाकलं ते विचारा. वरच्या थरावरचा ताण म्हणजे जाडी भागिले त्रिज्येच्या दुप्पट. १ मिलिमीटर जाडीचं साधन ५ मिलिमीटर त्रिज्येच्या दांड्याभोवती वाकवलं तर ताण १० टक्के, ०.३ मिलिमीटरचं असेल तर फक्त ३ टक्के. कोपर आणि गुडघ्याजवळ लावू नका. पाठीवर किंवा खिशाच्या आत लावा.

प्रश्न : ज्वारीचे धाटे, उसाचं चिपाड, डाळिंबाच्या साली यांपासून हा कार्बन घरच्या भट्टीत करता येईल का? (शेतकरी, सांगोला)

कार्बन होतो, घरच्या भट्टीत नाही. नुसता कोळसा केला तर त्यात बारीक छिद्रं कमी असतात आणि धारिता जवळजवळ येत नाही. छिद्रं पाडायला कोळशाच्या तिप्पट-चौपट पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून नायट्रोजनच्या वातावरणात ७०० ते ८०० अंशांवर भाजतात. तेव्हा ग्रॅममागे दीड-दोन हजार चौरस मीटर पृष्ठभाग मिळू शकतो. पण त्या तापमानाला पोटॅशियम धातू सुटतो. भट्टी गार न होताच उघडली किंवा पाणी ओतलं तर आग लागते. पूर्ण गार करा, नायट्रोजन चालू ठेवा, आधी थोडं अल्कोहोल, मग पाणी, मग विरळ आम्ल. हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच. ज्वारीच्या धाट्यांत आणि चिपाडात सिलिका असते, ती अल्कलीत निघून जाते. डाळिंबाच्या सालीत सिलिका कमी, म्हणून सुरुवातीला तीच घ्यावी असं आम्हाला वाटतं. माल वाळवून, दळून, चाळून पाठवलात तर प्रयोगशाळेचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असेल.

प्रश्न : मी नववीत आहे. धोकादायक रसायनं न वापरता सुपरकपॅसिटर करून बघता येईल का? (विद्यार्थी, बार्शी)

हो. ॲनिलिन, पायरॉल, आम्ल यातलं काहीच नको. मत्स्यालयाच्या दुकानातला सक्रिय कोळसा खलात मैद्यासारखा बारीक वाट. औषधाच्या दुकानात मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) मिळतं, त्याचे १० ग्रॅम ५० मिलिलिटर पाण्यात विरघळव. कोळशात हे पाणी घालून पुरणाइतका घट्ट लगदा कर. दोन स्टीलच्या पट्ट्यांवर, किंवा मिळाल्या तर ग्रॅफाइटच्या पातळ पट्ट्यांवर, प्रत्येकी अर्धा चमचा लगदा २ मिलिमीटर जाडीत पसरव. मध्ये त्याच पाण्यात भिजवलेला फिल्टर पेपर, पट्ट्यांपेक्षा चहूबाजूंनी अर्धा सेंटीमीटर मोठा. दोन चिमटे लावून घट्ट दाब. दाब कमी असेल तर कणांचा एकमेकांना स्पर्श होत नाही आणि मीटर काहीच दाखवत नाही.

१.५ व्होल्टच्या सेलला १०० ओहमचा रोध लावून भर. मीटर ०.८ व्होल्ट दाखवेल तेव्हा सेल काढ, नाहीतर पाणी फुटून बुडबुडे येतील आणि स्टील गंजेल. पहिली दोन-तीन वेळा भरून रिकामं कर, मगच मोज. रिकामं करताना तोच १०० ओहमचा रोध दोन टोकांना जोड आणि दर १० सेकंदांनी व्होल्टेज लिहून ठेव. ०.८ वरून ०.३ पर्यंत यायला जितके सेकंद लागले त्यांना १०० नं भागलं की फॅरडमध्ये उत्तर मिळतं. २०० सेकंद लागले तर २ फॅरड. वहीत प्रत्येक वेळी तारीख, हवेचं तापमान आणि लगद्याचं वजनही लिही.